एफ४५० फ्रेमवर कॅमेरा ड्रोन बनवतोय. कोणते भाग घेऊ आणि वायरिंग कसं करू?

तुमच्याकडे एफ४५० फ्रेम, २२१२ मापाच्या ९२० केव्हीच्या चार मोटरी, एक ॲक्शन कॅमेरा आणि त्याचा तीन अक्षांचा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा) आहे. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा छोटा बोर्ड), बॅटरी आणि फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू) अजून घ्यायचे आहेत, आणि हे सगळं एकमेकांना जोडायचं कसं, हे विचारताय. मित्राने सांगितलंय की ईएससी जितका मोठा तितका चांगला, आणि बॅटरी जितकी मोठी तितका वेळ जास्त. ईएससीबद्दल तो फारसा चुकत नाही. बॅटरीबद्दल चुकतोय.

भाग निवडणं हे गणित आहे, एका बैठकीत उरकतं. ड्रोन हवेत एका जागी थांबतो की नाही आणि चित्र स्वच्छ येतं की नाही, हे मात्र कोणती वायर कुठून नेली यावर जास्त ठरतं. म्हणून निवडीबद्दल आधी थोडक्यात सांगतो आणि वायरिंगवर जास्त वेळ घालवतो.

सुरुवात वजनापासून करा. फ्रेम साधारण २८० ग्रॅम, चार मोटरी सव्वादोनशेच्या आसपास, ईएससी मिळून शंभर, कॅमेरा आणि गिंबल मिळून तीनशेच्या वर, कंट्रोलर, जीपीएस, रिसीव्हर आणि वायरी मिळून दीडशे. त्यात ४एस, म्हणजे चार सेलची, ५२०० एमएएचची (५.२ अँपिअर-तासाची) बॅटरी म्हणजे आणखी पाचशेच्या वर. एकूण धरा १६०० ग्रॅम. हवेत नुसतं तरंगायला प्रत्येक मोटरने ४०० ग्रॅम उचलायला हवेत, आणि वाऱ्यात सावरायला किमान दुप्पट ताकद हाताशी हवी. म्हणजे मोटरसोबत जो तक्ता मिळतो त्यात तुमच्या पंख्याच्या मापापुढे आणि ४एसच्या रकान्यात ८०० ग्रॅमहून मोठा आकडा दिसला पाहिजे. ९२० केव्ही, ४एस आणि साडेनऊ इंचांच्या आसपासचा पंखा ही जोडी इथे जमते. केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तेही बिनभाराचे. १४.८ व्होल्टला साधारण १३,६०० फेरे होतात. पंखा लावला की बरेच उतरतात. पंखा मोठा घेतलात तर मोटर तेवढा जास्त करंट ओढते आणि तापते, त्यामुळे तक्त्याबाहेरचा पंखा लावू नका.

आता मित्राची बॅटरी. तुमचा ड्रोन एका वॅटला साधारण ८ ग्रॅम उचलेल असं धरलं, तर १६०० ग्रॅमला २०० वॅट, म्हणजे साडेतेरा अँपिअर. बॅटरीची ८० टक्केच क्षमता वापरायची, म्हणजे ४.१६ अँपिअर-तास. वेळ निघतो १८ मिनिटं. बॅटरी दुप्पट केली तर वजन २१०० ग्रॅमच्या पुढे जातं, आणि तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीड घाताने वाढते. त्यामुळे दुप्पट बॅटरीत वेळ ३६ मिनिटं होत नाही, २४च्या आसपास अडकतो. वर ताकदीचं दुपटीचं गणित मोडतं ते वेगळंच. ५२०० एमएएचवर थांबा, आणि कागदावर १८ आले तरी प्रत्यक्षात १५ मिनिटं धरून चाला.

बॅटरीवरच्या ‘सी’ आकड्यावर, म्हणजे ती क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते यावर, फार विश्वास ठेवू नका. ५.२ अँपिअर-तासाला २५सी म्हणजे कागदावर १३० अँपिअर. त्याच्या निम्मा खरा मानला तरी नेहमीच्या उडण्याला भागतं. लिपोचा (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा) सेल भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे ४एस पूर्ण भरली की १६.८. सेलमागे साडेतीन व्होल्ट दिसले की उतरायचं. वापरायची नसेल तेव्हा ३.८ व्होल्टवर ठेवायची आणि चार्ज करताना १सीच्या वर जायचं नाही, म्हणजे तुमच्या बॅटरीला ५.२ अँपिअर.

ईएससीवरचा आकडा ही मर्यादा आहे. ३० अँपिअरचा ईएससी मोटरमध्ये ३० अँपिअर ढकलत नाही. मोटरला हवे तेवढेच ती घेते. तुमच्या मोटरी पूर्ण थ्रॉटलला १५ ते २० अँपिअर घेतील, म्हणून ३०चा पुरे. त्याहून मोठा घेतला तर बिघडत काही नाही, फुकट वजन वाढतं. घेताना दोन गोष्टी बघा. एक, तो डीशॉट (थ्रॉटल आकड्यांत पाठवायची डिजिटल पद्धत) समजतो का. जुने ईएससी फक्त पीडब्ल्यूएमवर (स्पंदाच्या लांबीतून थ्रॉटल सांगायची जुनी पद्धत) चालतात, मग थ्रॉटलची दोन्ही टोकं प्रत्येकाला शिकवत बसावं लागतं. दोन, त्यात बीईसी आहे की तो ‘ऑप्टो’, म्हणजे बीईसी नसलेला, आहे. बीईसी म्हणजे ५ व्होल्ट देणारी छोटी सोय. चारही ईएससीत बीईसी असेल तर चारही लाल वायरी कंट्रोलरला एकत्र जोडू नका. एक ठेवा, बाकीच्या तीन काढून टेप लावा. मी तर चारही काढतो आणि कंट्रोलरला पॉवर मॉड्यूलमधून ५ व्होल्ट देतो. पॉवर मॉड्यूल करंट आणि व्होल्टेजही मोजतं, आणि बॅटरी संपत आली हे कंट्रोलरला कळायला ते मोजमाप लागतंच.

फ्लाइट कंट्रोलरची निवड फर्मवेअरवरून, म्हणजे त्यात चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरून करा. बीटाफ्लाइट मुख्यतः हाताने, चपळ उडवणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला एका जागी थांबणारा, सिग्नल गेला तर स्वतः परत येणारा ड्रोन हवाय, म्हणजे आर्डुपायलट किंवा आयनॅव्ह. माझं मत आर्डुपायलट, आणि बोर्ड एच७४३ प्रोसेसरचा. एफ४०५चे बोर्ड स्वस्त असतात, पण त्यांची मेमरी १ एमबी असल्यामुळे आर्डुपायलटची काही वैशिष्ट्यं त्यात बसत नाहीत. बॅरोमीटर (हवेच्या दाबावरून उंची मोजणारा सेन्सर) आहे ना आणि सीरियल पोर्ट (बाकीचे भाग माहिती देण्याघेण्यासाठी जोडायच्या जागा) किमान पाच आहेत ना, हे तपासा. रिसीव्हर, जीपीएस, व्हिडिओ, टेलिमेट्री असं करता करता ते भराभर संपतात.

आता वायरिंग. ड्रोनमध्ये दोन प्रकारच्या वायरी असतात. बॅटरी, ईएससी आणि मोटरच्या वायरींतून दहावीस अँपिअर धडधडत जातात. जीपीएस, कंपास, रिसीव्हर आणि कॅमेऱ्याच्या वायरींतून नाजूक सिग्नल जातात. पहिल्या खालच्या मजल्यावर, दुसऱ्या वरच्या मजल्यावर, आणि जिथे एकमेकींना ओलांडायचंच आहे तिथे काटकोनात. बाकीचं बरंचसं यातून आपोआप निघतं.

एफ४५०ची खालची प्लेट हाच वीजवाटपाचा बोर्ड असतो. तिच्यावर बॅटरी आणि ईएससीसाठी पॅड असतात. तांब्याचा पत्रा मोठा असल्याने तो उष्णता शोषतो, त्यामुळे बारीक टोकाच्या सोल्डरगनने काम होत नाही. ६० वॅटची, रुंद टोकाची घ्या. आधी पॅडवर फ्लक्स लावून सोल्डर पसरवा, मग वायरच्या टोकावर, मग दोन्ही एकत्र वितळवा. टाका चमकदार आणि पसरलेला दिसला पाहिजे. गोळ्यासारखा उभा राहिला असेल तर तो कच्चा आहे. नीट तापवून पुन्हा करा. बॅटरीच्या मुख्य वायरीसाठी १२ किंवा १४ गेजची सिलिकॉन वायर आणि एक्सटी६० कनेक्टर.

बॅटरी आणि ईएससीमधली वायर शक्य तितकी आखूड ठेवा. लांबी वाढवायचीच असेल तर ईएससी आणि मोटरमधली वाढवा. ईएससी सेकंदाला हजारो वेळा करंट चालू-बंद करतो, आणि लांब वायरीत दर वेळी व्होल्टेजचा झटका उसळतो. तो झटका गिळायला बॅटरीच्या पॅडवरच १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर लावा. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुटतो, पट्ट्याची बाजू मायनस. पाण्याची मोटर सुरू झाली की घरातले दिवे मंदावतात, तसंच थ्रॉटल वाढला की बॅटरीचा व्होल्टेज दबतो, आणि तो गोंधळ व्हिडिओत आडव्या रेघा होऊन दिसतो. म्हणून व्हिडिओ ट्रान्समीटर आणि गिंबलला बॅटरीतून थेट वीज देऊ नका. त्यांना वेगळा रेग्युलेटर द्या, तुमचा गिंबल १२ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्टचा. ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच हवं. गिंबलची सिग्नलची वायर जोडली आणि ग्राउंड जोडायचं राहिलं, तर तो भूत लागल्यासारखा वागतो.

कंपासकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या, कारण नवशिक्यांचे ड्रोन बहुधा इथेच भरकटतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. एका सरळ वायरीतून २० अँपिअर गेले तर तिच्यापासून ५ सेंटिमीटरवर ८० मायक्रोटेस्ला तयार होतात. म्हणजे बॅटरीची वायर शेजारी असेल तर कंपासला पृथ्वीपेक्षा तीच जास्त दिसते, आणि थ्रॉटल बदलला की त्याची उत्तर दिशाही बदलते. मग जागेवर थांबायला सांगितलेला ड्रोन गोल गोल फिरू लागतो आणि वर्तुळ वाढत जातं. यावर उपाय साधा आहे. बॅटरीच्या लाल-काळ्या वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, म्हणजे दोघींची क्षेत्रं बरीचशी एकमेकांना खोडतात. आणि कंपास ज्यात आहे ते जीपीएस मॉड्यूल उंच दांडीवर लावा. दहाएक सेंटिमीटर उंची तरी हवीच. दांडीला लोखंडी स्क्रू नको. कंट्रोलरवर आणखी एक कंपास असेल तर तो सेटिंगमध्ये बंद करा. तो विजेच्या वायरींच्या गर्दीत बसलेला असतो.

जीपीएसला कॅमेराही नकोसा असतो. उपग्रहाचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि फार क्षीण असतो. कॅमेरा आणि व्हिडिओच्या इलेक्ट्रॉनिक्समधून निघणारा गोंगाट त्याला झाकतो. कॅमेरा खाली पुढे, जीपीएस वर मागे. ॲक्शन कॅमेऱ्याचं वायफाय उडण्यापूर्वी बंद करा, रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर नक्कीच.

सीरियल जोडणीत टीएक्स (पाठवणारी वायर) नेहमी समोरच्याच्या आरएक्सला (घेणारी) जातो. जीपीएसच्या सहा वायरींपैकी दोन वीज, दोन सीरियल, आणि एसडीए-एससीएल या दोन कंपासच्या. या शेवटच्या दोन पीळ न देता आणि आखूड ठेवा. रिसीव्हर एक्स्प्रेसएलआरएस घ्या: एक सीरियल पोर्ट, चार वायरी, उलट्या सिग्नलची भानगड नाही.

मोटरच्या तीन वायरी कशाही जोडल्या तरी चालतात. मोटर उलटी फिरली तर कोणत्याही दोन अदलाबदल करा. पण मोटरींचे क्रमांक फर्मवेअरनुसार बदलतात, आणि इंटरनेटवरचं कुठलंतरी चित्र पाहून जोडणारे इथेच फसतात. आर्डुपायलटच्या एक्स रचनेत १ म्हणजे पुढची उजवी, २ मागची डावी, ३ पुढची डावी, ४ मागची उजवी. १ आणि २ घड्याळाच्या उलट, ३ आणि ४ घड्याळाप्रमाणे. बीटाफ्लाइटमध्ये १ मागची उजवी असते. क्रम चुकला तर ड्रोन उडत नाही, जागेवर उलटतो.

पहिल्यांदा बॅटरी जोडायच्या आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-मायनस तपासा. कपॅसिटर भरताना क्षणभर बीप वाजली तर हरकत नाही, वाजतच राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग बॅटरीच्या प्लस वायरीत गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा मध्ये घाला. दिवा लुकलुकून विझला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर लगेच काढा. तुमचा बोर्ड वाचला. व्हिडिओ ट्रान्समीटर अँटेनाशिवाय एकदाही चालू करू नका, तो जळतो. या सगळ्या चाचण्यांत पंखे मोटरवर नकोत, डब्यात हवेत.

गिंबल वीज बंद असताना आधी हाताने समतोल करा: कॅमेरा कुठल्याही कोनात सोडला तरी तिथेच राहिला पाहिजे. कॅमेरा न लावता गिंबल चालू केला तर तो थरथरतो, मोटरी तापतात. खाली-वर वळवण्यासाठी कंट्रोलरचं एक पीडब्ल्यूएम आउटपुट पुरतं.

पहिल्या उड्डाणांना कॅमेरा नको. तेवढ्याच वजनाचं काहीतरी त्याच जागी घट्ट बांधा आणि मिनिटभर तरंगू द्या. खाली उतरवून आर्डुपायलटच्या लॉगमधली कंपनं बघा. ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असतील तर छान. ६०च्या वर असतील तर पंखे बॅलन्स करा, मोटरींचे स्क्रू बघा, वाकलेला शाफ्ट शोधा. गिंबल मोठी हालचाल सावरतो, ही बारीक थरथर नाही. ती व्हिडिओत जेलीसारखी लाटांमध्ये दिसते आणि नंतर संपादनात काढता येत नाही. आकडे खाली आले की मग कॅमेरा चढवा.