चर्चमधल्या मिस्साला गेलेल्या हिंदू पाहुण्याने 'प्रसाद' घ्यावा का?

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: नोकरीसाठी पुण्याहून मडगावला येऊन तीन महिने झाले. ऑफिसातल्या मैत्रिणीची आई गेली आणि आता तिने सोमवारी 'मंथ्स माइंड'च्या, म्हणजे महिन्याने होणाऱ्या, मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) बोलावलंय. चर्च तुम्ही पाहिलंय ते जुन्या गोव्यातलं, तेही पर्यटक म्हणून. प्रार्थनेला कधी बसला नाहीत. तिथे नक्की काय चालतं, कधी उभं राहायचं, आणि सगळे रांगेने जाऊन प्रसाद घेतात तेव्हा आपणही घ्यायचा का? नाही घेतला तर घरच्यांना वाईट वाटेल का?

शेवटचं आधी सांगते. घेऊ नका, आणि कोणाला काडीचंही वाईट वाटणार नाही. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, एवढं एक सांभाळा.

मी मूळची वसईची, म्हणजे मराठीतून प्रार्थना शिकलेली कॅथलिक. लग्न होऊन गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या एका गावात आले त्याला बावीस वर्षं झाली. पहिल्या रविवारी इथल्या इगर्जीत गेले (चर्चला इथे इगर्ज म्हणतात), तर मिस्सा तोच, क्रम तोच, पण सगळं कोकणीत आणि हातातलं पुस्तक रोमी लिपीत. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायला तोंड उघडलं आणि शेजारून 'आमच्या बापा, सर्गींच्या' सुरू झालं. मी नुसते ओठ हलवत राहिले. तेव्हा बाकावर बसून गोंधळणं काय असतं, ते मला ठाऊक आहे.

आता त्या प्रसादाचं. माझे सासरे गेले तेव्हा त्यांच्या मंथ्स माइंडला आमचे शेजारी आले होते. सावंतवाडीकडचे काका, रोज संध्याकाळी सासऱ्यांबरोबर आमच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून गप्पा मारणारे. कम्युनियनची, म्हणजे तुम्ही प्रसाद म्हणता त्याची, रांग लागली तसे काकाही भक्तिभावाने उठले, दोन्ही हात पुढे केले, फादरांनी हातावर ती पांढरी गोल चकती ठेवली. काकांनी ती खाल्लीच नाही. काकू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी पडून होत्या, म्हणून त्यांनी ती रुमालात नीट बांधली आणि खिशात घातली. देवळातून प्रसाद घरी नेतो तशीच. कम्युनियन वाटायला मदत करणारे एक गृहस्थ लगेच त्यांच्यामागे गेले, कानाशी काहीतरी पुटपुटले. काकांना उलगडा होईना, तोवर सगळी इगर्ज वळून बघायला लागली. शेवटी माझी सासू उठली, काकांकडून रुमाल हळूच मागून घेतला आणि फादरांकडे नेऊन दिला. काका त्या दिवशी चहाला न थांबता गेले. दुसऱ्या दिवशी सासू फणसाचे गरे घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "चूक आमची, आदीं सांगपाक जाय आशिल्लें." (आधी सांगायला हवं होतं.)

मला विचाराल तर चूक शब्दाची होती. प्रसाद म्हटलं की आपल्याकडे अर्थ ठरलेला: देवाला दाखवला, आता सगळ्यांना वाटायचा, जो येईल त्याला द्यायचा, नाही म्हणणं हाच अपमान. कम्युनियनला यातलं काही लागू होत नाही. ती चकती म्हणजे गव्हाचं पीठ आणि पाणी, यीस्टसुद्धा नाही. मिस्साच्या मध्यावर फादर ती हातात घेऊन येशूने शेवटच्या भोजनात उच्चारलेले शब्द म्हणतात: हे माझं शरीर, मग द्राक्षारसाचा पेला घेऊन, हे माझं रक्त. त्या क्षणानंतर कॅथलिक श्रद्धेप्रमाणे ती भाकर नुसती आठवण किंवा खूण राहत नाही. दिसायला आणि चवीला तशीच, पण आता तो स्वतः ख्रिस्त. हातावर ठेवताना इथले फादर म्हणतात, "क्रिस्ताची कूड." कूड म्हणजे शरीर. घेणारा 'आमेन' म्हणतो, म्हणजे 'होय, हे मी मानतो.' मानत नसताना आमेन म्हणणं हे खोटं बोलणं झालं, म्हणून तुम्हाला तिथे नेऊन उभं करणं हा पाहुणचारच नव्हे.

मराठी घरात समजावताना मी प्रसाद बाजूला ठेवते आणि प्राणप्रतिष्ठेचं उदाहरण देते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती घरी आली की आपण ती फिरवून बघतो, सोंडेचा रंग उडालाय का तपासतो. प्रतिष्ठा झाली की तीच मूर्ती, तीच माती, पण कोणी उगाच हात लावत नाही. तुलना फार ताणू नये, आमच्याकडे विसर्जन नाही आणि उत्तरपूजाही नाही. पण वागण्यातला फरक त्यातून बरोबर कळतो. वाटून झाल्यावर फादर ताटलीतले कणसुद्धा पेल्यात घेऊन पाण्यासकट पितात. उरलेल्या चकत्या कुलपाच्या पेटीत ठेवतात, तिला इथे साक्रार म्हणतात, आणि तिच्याजवळ लाल दिवा सतत तेवत असतो. आत शिरताना लोक उजवा गुडघा जमिनीला टेकवतात तो त्या पेटीकडे बघून. तुम्ही तिथे हात जोडलेत तरी छान दिसेल.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते: रांगेत सगळे कॅथलिकही जात नाहीत. मोठं पाप मनावर असेल तर आधी कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापनिवेदन, आणि मग कम्युनियन. शिवाय तासभर आधीपासून पाणी आणि औषध सोडून काही खायचं नसतं; मघाशीच भजी खाल्लेली असली की माणूस मुकाट बसून राहतो. कोण का बसलंय हे कोणी कोणाला विचारत नाही, विचारायचं नसतंच. त्यामुळे बाकावर तुम्ही एकट्याच उराल ही धास्ती सोडा.

बाकीचा मिस्सा साधारण पाऊण तासाचा. सुरुवातीला मैत्रिणीच्या आईचं नाव घेतील, ते ऐका, कारण आजचा मिस्सा त्यांच्यासाठी ठेवलेला आहे. मग बायबलमधली वाचनं, ती बसून ऐकायची. शेवटचं वाचन येशूच्या चरित्रातलं, ते फादर वाचतात आणि तेव्हा सगळे उभे राहतात. त्यावर फादर बोलतात. प्रवचन किती लांबेल हे माझ्या हातात नाही. मग एक पिशवी किंवा ताट फिरेल. दहा रुपये टाका, नाहीतर पुढे सरकवा. मग घंटी वाजेल आणि सगळे गुडघ्यांवर जातील. वर सांगितलेला क्षण तो हाच. तुम्ही बसून राहिलात, मान खाली घातलीत, तरी पुरे. गुडघे दुखणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्या तेच करतात.

पुढे 'आमच्या बापा' झाल्यावर एकमेकांना शांती देतात. परदेशात हस्तांदोलन करतात, आपल्याकडे हात जोडून नमस्कार. मिस्सात अशा भारतीय रीती घ्यायला रोमने १९६९ साली मान्यता दिली. हे मात्र बिनधास्त करा. शेजारचा अनोळखी माणूस वळून नमस्कार करेल, तुम्हीही करा. हसू आलं तर हसाही, तिथे चालतं.

दाराशी दगडी कुंडीत पाणी असतं. त्यात बोट बुडवून लोक कपाळ, छाती, खांद्यांवर क्रूस काढतात. ते तीर्थ नाही, पिऊ नका. हे आवर्जून सांगतेय, कारण कोल्हापूरहून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी ओंजळीत घेऊन प्यायलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. चपला बाहेर काढायच्या नाहीत. डोक्यावर पदरही लागत नाही. पांढरे किंवा गडद कपडे बरे, भडक नकोत. फोटो काढू नका.

कोकणीतलं कळलं नाही तर खंत नको. माझ्या सासूच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायचा आणि फादर वेदीकडे तोंड करून उभे. तिला एक अक्षर कळायचं नाही, म्हणून ती तो पूर्ण वेळ हातातली जपमाळ ओढायची. लोकभाषेचं दार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) उघडलं, १९६३च्या डिसेंबरात. तिच्या भाषेत, "तेन्ना पयलेच खेपे म्हाका समजलें, फादर कितें म्हणटा तें." मराठीही इथल्या ख्रिस्ती प्रार्थनेला परकी नव्हती. साष्टीत राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (येशूसंघाच्या पाद्र्याने) येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि ती १६१६ साली इथेच, रायतूरला छापली गेली. मडगावहून रायतूर फार लांब नाही, सवडीने जाऊन या.

मंथ्स माइंड म्हणजे काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते कळलं तर तिथे बसणं सोपं जाईल. माणूस गेल्यावर सातव्या दिवशी एक मिस्सा आणि महिन्याने हा. गेलेल्या जिवाला देवापर्यंत पोचण्याआधी स्वच्छ व्हावं लागतं अशी आमची श्रद्धा आहे. त्या अवस्थेला मराठीत शुद्धिस्थान म्हणतात, आणि त्या वाटेवर मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेची मदत होते. मासिक श्राद्धाशी हे नातं तुम्ही मनातल्या मनात जोडालच. जोडा, मीही लग्नाआधी शेजारच्या ब्राह्मण मैत्रिणीला असंच समजावायचे. फरक इतकाच की इथे पिंड नाही, कावळा नाही, आणि पुढे दरवर्षी करायलाच हवं असा नियम नाही. लोक करतात ती माया.

कॅथलिक माणसाच्या आयुष्यात संस्कार सात. तुम्ही सोमवारी त्यातला एकच पाहाल. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, गुरुदीक्षा (फादर होण्याचा संस्कार) यांबद्दल पुन्हा कधीतरी. मैत्रिणीच्या बोलण्यात बहुधा आणखी एक येईल: आजारी माणसाला फादर येऊन कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात तो. जुने लोक त्याला फार घाबरतात. पूर्वी तो अगदी शेवटच्या घटकेला करत, त्यामुळे फादर दारात दिसले की संपलंच. आता गंभीर आजारात कधीही देतात, पुन्हा पुन्हाही देतात. पण सासऱ्यांना हे पटवणार कोण? ते उशीवरून ओरडले, "पाद्रीक कित्याक आपयला? हांव मरना!" (पाद्र्याला का बोलावलं? मी मरत नाही!) आणि खरंच त्यानंतर चौदा महिने जगले, रोज संध्याकाळी काकांबरोबर बलकांवात.

मिस्सानंतर बहुतेक ठिकाणी घरचे लोक दाराशी किंवा वेदीपुढे उभे राहतात आणि सगळे ओळीने भेटतात. काही घरं थडग्यावर फुलं ठेवायला जातात. मैत्रिणीचे हात हातात घ्या. काही बोलायचंच तर मराठीत बोला, तिला समजेल. चहा, पॅटीस, केकचा तुकडा मिळेल. हे मात्र नाकारू नका. गोव्यात खाण्याला नाही म्हटलं की खरंच वाईट वाटतं.

आग्रहाने घरी नेलं आणि संध्याकाळ झाली, तर तेर्सही पाहायला मिळेल. म्हणजे रोझरी, जपमाळ. इगर्जीची आंजेलुसची, म्हणजे सांजप्रार्थनेची, घंटा वाजली की घरातले सगळे आल्ताराच्या (घरातल्या देव्हाऱ्याच्या) फोटोंपुढे जमतात. मणी दहा-दहाच्या पाच फेऱ्यांत मोजायचे, प्रत्येक मण्याला एक 'नमान मरिये', आणि प्रत्येक फेरीला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाचे, रविवारी आणि बुधवारी गौरवाचे, असे ठरलेले. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातले. आमच्या सासूला ते अजून पाठ नाहीत आणि ती गुरुवारी बिनदिक्कत आनंदाचेच म्हणते. सगळं संपलं की धाकटे थोरांपुढे हात जोडून 'बेसांव दी' म्हणतात, आशीर्वाद मागतात. घरातली म्हातारी माणसं तुम्हालाही देतील. तो जरूर घ्या, त्याला आमेन म्हटलंत तरी चालेल.

काका अजून येतात. सासऱ्यांच्या वर्षाच्या मिस्साला दरवेळी मधल्या वाटेच्या कडेला बसायचे आणि कम्युनियनला अख्खा बाक त्यांच्या गुडघ्यांवरून पलीकडे जायचा. आता ते भिंतीकडच्या टोकाला बसतात. तुम्हीही तिथेच बसा.