रताळ्याचा रंग आणि तुझा प्रबंध

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम.एस्सी.च्या प्रबंधाला कोणता विषय घेतला तर पुढे जागतिक अन्न पुरस्कारापर्यंत पोचता येईल, असं तू सरळच विचारलंस. आडपडदा ठेवला नाहीस, बरं वाटलं. शेतीला वेगळं नोबेल नाही. कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना १९७० साली मिळालं तेही शांततेचं. पुढे १९८६ मध्ये त्यांनीच पुढाकार घेऊन हा पुरस्कार सुरू केला. १९८७चा पहिला मान स्वामिनाथन यांना मिळाला आणि १९९८मध्ये आपल्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना, बियाण्यांच्या कामासाठी. तेव्हा मराठवाड्यातल्या मुलीनं हे स्वप्न पाहण्यात वावगं काहीच नाही.

पण विषय ठरवण्याआधी २०१६चा पुरस्कार नीट समजून घे. तो चौघांना मिळाला, आणि त्यातल्या तिघांना मिळाला रताळ्यासाठी. आपण उपवासाला खातो त्याच रताळ्यासाठी.

आफ्रिकेत बऱ्याच भागांत रताळं हे रोजचं पोट भरायचं अन्न आहे. तिथलं नेहमीचं रताळं आतून पांढरं असतं. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नाही. ते कमी पडलं की मुलांना रातांधळेपणा येतो, साध्या गोवर-जुलाबातही मुलं दगावतात. केशरी गराच्या रताळ्यात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. सव्वाशे ग्रॅमचं, म्हणजे मुठीत मावेल एवढं एक रताळं लहान मुलाची दिवसाची गरज भागवतं. कागदावर प्रश्न इथेच सुटला. तुझ्या वयात मीही इथेच थांबले असते.

लोक मात्र ते खाईनात. मोठ्या माणसांना शिजल्यावर पिठूळ लागणारं रताळं हवं होतं, आणि केशरी जाती शिजवल्या की पाणचट होत. युगांडात विषाणू रोग वेल खाऊन टाकायचा, मोझांबिकमध्ये दुष्काळ. रॉबर्ट म्वांगा आणि मारिया आंद्राडे या पीक-पैदासकारांनी वर्षानुवर्षं तिथल्याच जातींशी संकर करून रोगाला, दुष्काळाला टिकणाऱ्या आणि तोंडाला आवडणाऱ्या केशरी जाती काढल्या.

त्यानंतर बेण्याचा प्रश्न आला. रताळं बी पेरून लावत नाहीत, वेलाचे तुकडे लावतात. लांबलचक कोरड्या ऋतूत वेल वाळून जातात, आणि पाऊस पडतो तेव्हा बाईच्या हातात लावायला काही नसतं. यावर पुढे रुळलेली युक्ती मला फार आवडते. काढणीतली लहान, निरोगी रताळी निवडायची, कोरड्या वाळूत थर देऊन घरातच ठेवायची. पावसाच्या दीड-दोन महिने आधी परसात पुरून सांडपाणी घालत राहायचं. कोंब फुटतात आणि पहिल्या पावसाला वेल तयार असतात. ना शीतगृह लागतं ना प्रयोगशाळा, वाळूचं एक टोपलं पुरतं.

जॅन लो यांनी मोझांबिकच्या खेड्यांत बेणं, आयांशी आहाराविषयीची बोलणी आणि बाजार या तिन्ही गोष्टी एकत्र चालवल्या. मग मुलांचं रक्त तपासलं, आणि त्यात अ जीवनसत्त्व खरोखर वाढलेलं दाखवून दिलं. चौथे हॉवर्थ बुईस तर अर्थशास्त्रज्ञ. पिकातच पोषण वाढवायची कल्पना घेऊन ते नव्वदच्या दशकात दारोदार फिरले, तेव्हा कुठे २००३मध्ये हार्वेस्टप्लस हा कार्यक्रम उभा राहिला.

त्याच कार्यक्रमाचा धागा आपल्याकडे येतो. धनशक्ती ही लोह जास्त असलेली बाजरी २०१२मध्ये सगळ्यात आधी महाराष्ट्रातच आली. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेनं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाबरोबर ती केली. आपल्या शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेल्या जुन्या वाणातूनच ती निवडली, म्हणून ती परकी वाटली नाही. लोहयुक्त बाजरीची भाकरी आणि शेव शाळकरी मुलांना खाऊ घालून आपल्या राज्यात अभ्यासही झाला. चारेक महिन्यांत मुलांच्या अंगातला लोहाचा साठा वाढला. भाकरी आणि शेव! गोळी नाही, पावडर नाही.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका गावात नव्या बाजरीचा कार्यक्रम ठेवला. बायकांना भाकरी करून खायला द्यायची असं ठरलं, आणि सोय म्हणून पीठ मी शहरातूनच दळून नेलं. दळून तीन आठवडे होऊन गेले होते. बाजरीचं पीठ किती लवकर कडवट होतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. एका म्हातारीनं तुकडा तोंडात घातला, चावला, आणि हळूच पदराआड काढून ठेवला. मला म्हणाली, ‘‘बाई, पीठ कवाचं हाये?’’ त्या गावात पुढच्या दोन हंगामांत कुणी ते बियाणं घेतलं नाही. वाण चांगलं होतं. ते मी घालवलं, आणि त्याची खंत अजून आहे.

म्हणून विषयाचं नाव मी तुला सुचवणार नाही. तू पाठवलेल्या तिन्ही आराखड्यांत उत्पादन आहे, लोह-जस्ताचे आकडे आहेत, पण पीठ किती दिवस टिकतं, भाकरी थापताना चिरते का, पोरं दुसरी मागतात का, यातलं काहीच नाही. ते घाल. मार्गदर्शक म्हणतील हे आपल्या शाखेचं काम नाही. म्हणू देत. गृहविज्ञानाच्या विभागात जा, तिथल्या एखाद्या मुलीला बरोबर घे. २०१६च्या चौघांत पीक-पैदासकार दोघेच होते, हे त्यांना नम्रपणे सांग.

दिवाळीनंतर चार दिवस माझ्याकडे राहायला ये. इथल्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलून ठेवलंय, दोन घरांत चुलीपाशी बसायची तुझी सोय होईल. येताना तुझ्या प्लॉटमधल्या तिन्ही वाणांची दोन-दोन किलो बाजरी आण. दळून आणू नकोस, गिरणी माझ्या घरासमोरच आहे.

तुझी,
मॅडम