मानधन थकतं का?

एका ताईंनी विचारलंय. कोल्हापूर जिल्हा परिषदेवर निघणाऱ्या अंगणवाडी सेविकांच्या मोर्चासाठी त्यांनी पत्रक लिहून दिलं. त्यात ‘थकीत मानधन मिळालेच पाहिजे’ असं वाक्य होतं. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी ते वाचून दोन हरकती घेतल्या. एक, मानधन म्हणजे मानाखातर दिलेली रक्कम, ते काही देणं नव्हे, तेव्हा ‘थकीत मानधन’ हा प्रयोगच चूक. दोन, ‘मानधन’ हा ‘पगारा’पेक्षा वरच्या पायरीचा शब्द असताना या बायका ‘मानधन नको, वेतन द्या’ असा हट्ट का धरतात? भाषेच्या बाजूने गुरुजींचं बरोबर आहे का आणि पत्रकात नेमकं काय लिहावं, असं ताईंना हवंय.

पहिली हरकत शब्दार्थाने बरोबर आहे. गंमत म्हणजे, ती नीट शेवटपर्यंत नेली तर दुसऱ्या हरकतीचं उत्तर तिच्यातच सापडतं.

आधी समास सोडवू. आज आपण वापरतो ते मानधन म्हणजे मानार्थ दिलेलं धन, मधलं पद लोपलेलं. पण संस्कृतात हा शब्द वेगळ्याच घरात राहत होता. तिथे तो बहुव्रीही: मान हेच ज्याचं धन आहे असा तो, म्हणजे मानी माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात वनवासी युधिष्ठिराला हेर येऊन दुर्योधनाच्या राज्याची हकिकत सांगतो. त्यात दुर्योधनाच्या धनुर्धरांचं वर्णन येतं: ‘महौजसो मानधना धनार्चिता’. मोठ्या बळाचे, मानालाच धन समजणारे आणि धन देऊन गौरवलेले. दोन विशेषणं शेजारी शेजारी आहेत, हे लक्षात घ्या. योद्धे मानधन आहेत हे ओळखूनही त्यांच्या हातात धन ठेवावं लागतं, ही जाण त्या ओळीत आहे. आपल्या सरकारी कागदांनी पहिलं विशेषण तेवढं उचललं.

आजचा अर्थ आला तो ‘ऑनरेरियम’ला प्रतिशब्द म्हणून, आणि त्या लॅटिन शब्दाचा इतिहास गुरुजींना नक्की आवडेल. प्राचीन रोममध्ये वकिली हे प्रतिष्ठितांचं काम. इसवी सनापूर्वी २०४ साली झालेल्या सिन्सियन कायद्याने वकिलांना अशिलाकडून पैसा किंवा भेट घ्यायला बंदी केली होती. पैशासाठी राबणं कमीपणाचं, म्हणून मग जे दिलं-घेतलं जाई ते ‘मानाचं’. इंग्लंडात बॅरिस्टरच्या फीची जातकुळी हीच. फी बुडाली तर बॅरिस्टरला अशिलावर दावा लावता येत नसे; १९९० सालच्या कायद्याने तो नियम गेला. म्हणजे ‘मानाचं धन’ या कल्पनेच्या मुळाशीच हे आहे की ते मागता येत नाही. ज्याचं पोट दुसरीकडून भरलेलं आहे अशा माणसासाठी बनवलेला हा शब्द आहे.

व्याख्यानमालेच्या वक्त्याला, परीक्षकाला, दिवाळी अंकाच्या लेखकाला मानधन द्यावं, तिथे तो शब्द शोभतो. कीर्तनकाराला आणि शाहिराला आपल्याकडे बिदागी, भटजींना दक्षिणा. या सगळ्यांत काम प्रसंगापुरतं असतं आणि देणाऱ्याचा हुकूम घेणाऱ्यावर चालत नाही. अंगणवाडी ताईचं काय? एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ला, म्हणजे या कामाला अर्धशतक झालं. सहा वर्षांखालच्या पोरांचा आहार, वजनं, उंची, गरोदर बायकांच्या नोंदी, त्यावर मोबाइलमधल्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये रोजची माहिती. वेळ ठरलेली, वरिष्ठ ठरलेले, हजेरी ठरलेली, चूक झाली तर नोटीस. यात प्रसंगापुरतं काय आहे?

आता क्रियापदं बघा, कारण मराठीत खरा निवाडा क्रियापद करतं. पगार होतो, कापला जातो, थकतो. मजुरी ठरते, पडते, बुडते आणि बुडवली जाते. रोज पडतो, शेतावर ‘बाईचा रोज, गड्याचा रोज’ असं आपण म्हणतो आणि त्या दोन रोजांतला फरक ही आणखी एक लांबची लढाई आहे. ऊसतोडीला येणारी जोडी मुकादमाकडून उचल घेते आणि ती फेडताना हंगाम संपतो. या सगळ्या शब्दांना देण्याघेण्याचा हिशेब चिकटलेला आहे. मानधन मात्र ‘देण्यात येते’, ‘अदा करण्यात येते’, ‘मंजूर होते’. ते बुडवता येत नाही, कारण कुणी कुणाचं काही लागतच नव्हतं. गुरुजींच्या कानाला ‘थकीत मानधन’ खटकलं ते यामुळेच. त्यांचा कान पक्का आहे.

पण तो प्रयोग कुणी अज्ञानाने रूढ केलेला नाही. महिनोन्‌महिने पैसे न मिळालेल्या बायकांनी ‘थकीत’ हे देण्याचं विशेषण ‘मानधना’ला जोडलं आणि सरकारने दिलेल्या शब्दात आपला हक्क घुसवला. वर्तमानपत्रं आता ते सर्रास छापतात. रूढी व्याकरणाहून बलवान, हे गुरुजींनीच वर्गात शिकवलं असेल. म्हणून ‘थकीत मानधन’ला मी चूक म्हणणार नाही.

‘वेतना’ची कुळी मात्र सरळ आहे. शब्द संस्कृत, अर्थ कामाचा मोबदला, आणि त्याला फार जुन्या काळापासून दाव्याची बाजू आहे. धर्मशास्त्रात राजाने निवाडा करायचे जे अठरा विषय सांगितलेत, त्यांत वेतन न देणं हा स्वतंत्र विषय आहे. नारदस्मृतीत त्याचं नाव ‘वेतनस्यानपाकर्म’. ज्या मनुस्मृतीशी आमचं उभं भांडण आहे, जी २५ डिसेंबर १९२७ला महाडला जाळली गेली, तिच्या आठव्या अध्यायातही ‘वेतनस्यैव चादानम्’ म्हणून तो विषय आलाय. विषमता नियमाने बांधणाऱ्या त्या ग्रंथालाही ठरलेलं वेतन न देणं ही तक्रार आहे असं मान्य करावं लागलं. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला, ‘मजुरी’ फारसीतून. तिघांचाही अर्थ एकच, श्रमाचं देणं.

प्रतिष्ठेचा शब्द, हा गुरुजींचा मुद्दा एका उदाहरणाने तपासू, तेही त्यांच्याच पेशातल्या. आपल्या राज्यात २००० सालापासून शिक्षणसेवक नेमले जातात. पहिली तीन वर्षं त्यांना मानधन, पुढे वेतन. शाळा तीच, वर्ग तोच, फळा तोच आणि मुलंही त्याच गावची. तीन वर्षांनी मान कमी झाला म्हणून वेतन लागू होतं असं कुणी म्हणेल? बदलतो तो कामगाराचा दर्जा: वेतनश्रेणी, महागाई भत्ता, रजा. आमदारांसाठी जो कायदा आहे त्याच्या नावात ‘वेतन व भत्ते’ आहेत, खासदारांच्या १९५४च्या कायद्यात वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतनही आहे. लोकप्रतिनिधीपद हे तर सगळ्यात मानाचं पद. तिथे कुणालाही ‘मानधन’ हा वरच्या पायरीचा शब्द सुचला नाही.

आणि ‘सेविका’ या शब्दाचंही थोडं. ग्रामसेवक हाही सेवकच, पण कायम झाला की तो वेतन घेतो. सेविकेचं मात्र पन्नास वर्षांनंतरही मानधनच. बाईने केलेलं पोरांचं, आजाऱ्यांचं, जेवणाखाण्याचं काम म्हणजे माया, आणि मायेचा कसला पगार, हे घरातलं गणित सरकारने जसंच्या तसं उचललंय. २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावात आरोग्याचं काम करणारी ‘आशा’ आली, साधारण हजार वस्तीमागे एक. योजनेच्या लेखी ती स्वयंसेविका. मूळ बोली कामागणिक मोबदल्याची, काम नाही तर पैसा नाही. कोरोनाच्या काळात दारोदार फिरताना मात्र तिला ‘योद्धा’ म्हटलं, आणि २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही भारतातल्या आशांचा गौरव केला. मान झाला. धनार्चित व्हायचं राहिलं.

कोल्हापूरकरांना हे कळायला जड जाऊ नये. मान देऊन मोबदला चुकता करायची रीत आपण गावगाड्यात शतकानुशतकं पाहिली. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्या नाचतात, तो मान आनंदाचा, हौसेचा. पण गावकीच्या कामांत ‘हा तुमचा मान’ म्हणून जातीजातींवर जे लादलं होतं त्यात मान किती आणि राबणूक किती? राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ ते १९२० या काळात महार वतनं रद्द केली, वेठबिगार बंद केली. वतन या शब्दाला तर केवढी झळाळी! तरी त्या झळाळीखाली सरकार आणि गाव माणसाला रात्रंदिवस फुकट पळवतं, हे महाराजांनी ओळखलं. पुढे १९२८ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक आणलं तेही याच दुखण्यावर.

‘वेठ’ संस्कृत ‘विष्टी’तून आला, ‘बिगार’ फारसीतून. दोन्हींचा अर्थ एकच, सक्तीचं काम. त्यातला ‘बिगारी’ आता पार बदलला. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी आज रोज घेतल्याशिवाय पाटी उचलत नाही. शब्दाचं असं सोनं व्हायला दोन-तीन पिढ्यांची भांडणं लागतात. ‘वेठी’ची दिशा मात्र उलटी फिरली. सेविका संपावर बसल्या की ‘बालकांना वेठीस धरले’ अशी बातमी येते. मला हा वाक्प्रचार तिथे वाचवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं हे संविधानाच्या २३व्या अनुच्छेदाखाली सक्तीचं काम ठरतं असं सांगितलं. मग वेठीस कोण कुणाला धरतंय?

यावर सरकारी उत्तर ठरलेलं: सेविका कामगार नाहीत, म्हणून किमान वेतन लागू नाही. कामगार का नाहीत? कारण मानधन घेतात. शब्दानेच दर्जा ठरवायचा आणि त्याच दर्जाने शब्दाचं समर्थन करायचं, असं हे वर्तुळ आहे. भारतीय श्रम परिषदेच्या २०१३च्या अधिवेशनाने योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे सेविका, आशा यांसारख्या सरकारी योजनांवर राबणाऱ्यांना, कामगार म्हणून मान्यता आणि किमान वेतन द्यावं अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली. २५ एप्रिल २०२२ला मात्र गुजरातमधल्या अंगणवाडी सेविकांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की सेविका आणि मदतनीस १९७२च्या उपदान कायद्याखाली, म्हणजे ग्रॅच्युइटीला, पात्र आहेत, आणि त्यांना मिळणारं मानधन हे त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे. गुरुजींना हा निकाल जरूर दाखवा. ‘मानधन’ शब्दाचा अर्थ काय, याचं उत्तर त्या कायद्यापुरतं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेलं आहे.

अशीच दुसरी जोडी ‘बोनस’ आणि ‘भाऊबीज भेट’ यांची. बोनसचा कायदा १९६५ला आला. सेविकांना दिवाळीला मिळते ती दोन हजारांची भाऊबीज भेट. सरकार भाऊ झालं की ओवाळणीची रक्कम कोण विचारणार? २०२४ला ‘लाडकी बहीण’ आली, तिचे अर्ज भरायला याच सेविकांना लावलं, एका अर्जामागे पन्नास रुपये प्रोत्साहन भत्त्याच्या बोलीवर. भाऊ, बहीण, ताई ही आपली जिव्हाळ्याची नाती आहेत, म्हणूनच ती हिशेबाच्या कागदावर मला नको वाटतात. घरपोच जेवण आणणाऱ्या पोरांना कंपन्या ‘पार्टनर’ म्हणतात, तेही याच जातीचं. नफ्यात वाटा नसलेला भागीदार मराठीत आजवर नव्हता.

तेव्हा ताई, पत्रकाबद्दल. सरकारी आदेशाचा हवाला देताना ‘मानधन’ ठेवा, नाहीतर कार्यालयात कागद ओळखणार नाहीत. मागणी मांडताना ‘वेतन’ लिहा. कामागणिक मिळणाऱ्या आशांच्या पैशाला ‘मोबदला’ नेमका बसतो. ‘वाढ दिली’ किंवा ‘वाढीची भेट’ ही शब्दरचना टाळा. केंद्राने आपला वाटा ऑक्टोबर २०१८ पासून तीन हजारांवरून साडेचार हजार केला तेव्हा ती भेट म्हणूनच मिरवली होती. ‘मदतनीस’बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगून ठेवतो: ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, जसा चिटणीस, फडणीस. मदतनीस ताईंच्या कामात लिहिण्यापेक्षा भांडी घासणं आणि पाणी भरणं जास्त असतं, तरी शब्द रुळलेला आहे, राहू द्या. आणि ते मूळ वाक्य मी असं लिहीन: ‘आमचे थकवलेले वेतन, ज्याला शासन मानधन म्हणते, ते व्याजासह द्या.’ ‘थकीत’ऐवजी ‘थकवलेले’, कारण थकवणारा कुणीतरी असतो आणि मोर्चा त्याच्याच दारात जातो आहे.