तरुण यावेत म्हणून मिस्सा बदलायची का?

प्रश्न : आमची तरुण मंडळी म्हणतात, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ड्रम्स, गिटार आणि मोठा पडदा आणा, म्हणजे बाहेरच्या प्रार्थनासभांना जाणारी मुलं थांबतील. जुने गायक रागावलेत. काय करावं? — एक वाचक, मडगाव

उत्तर : गिटारला माझा विरोध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये पाइप ऑर्गनला मान दिला, तरी उपासनेला साजेशी इतर वाद्यंही चालतील असं म्हटलं. आणि आपल्या गोव्यात इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत बांधली, १६१६ मध्ये ती छापली गेली. लोकांच्या ओठांवरचा छंद त्यांनी घेतला, पण कथा पातळ केली नाही.

मला खटकतो तो डोकी मोजण्याचा हिशेब. शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने येणाऱ्यांची आवड बघून उपासना आखली आणि प्रचंड गर्दी जमवली. त्यांनीच २००७ मध्ये स्वतःची पाहणी मांडून कबूल केलं, की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून श्रद्धा वाढत नाही.

उपासकाळातले, म्हणजे ईस्टरआधीच्या दिवसांतले, मोतेत (अनेक आवाजांत गायची भक्तिगीतं) या मुलांना कुणी शिकवलेत का? मी गायनवृंदाला शिकवत आलोय. मुख्य चालीला साथ देणारा दुसरा आवाज एकदा कानात बसला की पोरं आपणहून तालमीला येतात. जुन्या गायकांनी रागावण्याऐवजी त्यांना व्हायोलिनशेजारी उभं करावं. गिटार अर्पणाच्या गीताला घ्या. ड्रम्स मात्र नकोत. आपल्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो आणि प्रार्थनेचे शब्दच ऐकू येत नाहीत.