भिगवणचा मुक्काम आणि तुमची ७०-३०० लेन्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २६ जानेवारीच्या जोडसुट्टीत दोन कुटुंबं मिळून भिगवणला पाण्याकाठी तंबू ठोकून राहणार. रोहित (फ्लेमिंगो) आणि बाकीच्या पक्ष्यांचे फोटो काढायचेत. जवळ क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. तर १५०-६००ची मोठी लेन्स भाड्याने घ्यावी का, आणि ट्रायपॉड न्यावा का? मी गेली बारा-तेरा वर्षं दर हिवाळ्यात एकदा तरी तिथे जातोच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

लेन्स भाड्याने घेऊ नका. त्या पैशात मुक्काम एका रात्रीने वाढवा.

क्रॉप सेन्सरवर तुमची ३०० मिलिमीटर जवळपास ४५० सारखी दिसते. भिगवणला होडीतून तेवढी पुरते. १५०-६०० दोन किलोच्या आसपास भरते. सवय नसलेल्या माणसाचा पहिला दिवस तर उडणारा पक्षी चौकटीत सापडवण्यातच जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन वर आलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. साडेनऊनंतर लांबच्या रोहिताचा फोटो सहाशेने काढा नाहीतर आठशेने, पिसं मऊच, म्हणजे धूसर, येणार. खरी कमाई सूर्योदयापासूनच्या दीड-दोन तासांत होते. भिगवण पुण्याहून शंभरेक किलोमीटर. पहाटे निघणारी मंडळी पोचतात, चहा घेतात, होडी ठरवतात, तोवर साडेआठ वाजलेले असतात. काठावर झोपलेला माणूस अंधारातच होडीत बसलेला असतो. तंबूचा फायदा तो हाच. दोन रात्री राहिलात तर अशा दोन सकाळी मिळतील. पहिली चुका करण्यात गेली तरी चालेल.

एक मात्र बघा, जोडसुट्टी टाळता आली तर टाळा. त्या दिवसांत पाण्यात पक्ष्यांपेक्षा होड्या जास्त दिसतात. आठवड्याच्या मधले दिवस मिळाले तर उत्तमच. शिवाय तारखेपेक्षा पाण्याकडे लक्ष ठेवा. हा उजनी धरणाचा पाणफुगवटा. पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असतं, मग कालव्यांना आणि नदीत पाणी सुटत जातं तसा काठचा गाळ उघडा पडतो. रोहितांना उथळ पाणी आणि गाळ लागतो. धरण काठोकाठ भरलेल्या वर्षी ते उशिरा जमतात, तेव्हा मार्चची सकाळ जानेवारीपेक्षा सरस ठरते. पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज हे रानहंस, बघायचे असतील तर मात्र जानेवारीच बरा. ते रात्री-पहाटे हरभऱ्या-गव्हात चरून उजाडताना पाण्याकडे परततात. तंबूवरून त्यांची रांग आवाज करत गेली की गजर लावायची गरज नाही.

आता होडीबद्दल, कारण फोटो बनतो किंवा बिघडतो तो इथेच. कुंभारगाव, डिकसळ या बाजूला मासेमारी करणारी मंडळीच होड्या चालवतात, आणि त्यातले कित्येक जण पक्षी आपल्यापेक्षा चांगले ओळखतात. आदल्या संध्याकाळी जाऊन एक माणूस ठरवा आणि दोन्ही सकाळी तोच ठेवा. त्याला आधीच सांगा, "आम्हाला उडणारा थवा नको, चरणारा हवा." हे सांगावं लागतं. बरेच पाहुणे होडी थेट थव्यात घालायला लावतात, आणि उडवून दाखवलं की खूष होऊन वर पैसे देतात.

मीही त्यातलाच होतो. तिसऱ्या का चौथ्या फेरीला होडीवाल्या मामांना "मामा, जरा अजून पुढे घ्या, अजून थोडं" असं करत करत दीडदोनशे रोहितांचा थवा उडवला. घरी येऊन बघतो तर तीनशे फोटो, सगळ्यांत शेपट्या. मामा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "सायेब, पोट भरू द्या की त्यांना."

पुढच्या वेळी त्यांनी काय केलं ते सांगतो. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतील अशा बाजूने, थव्याच्या अंगावर सरळ न जाता तिरपी होडी नेली. बऱ्याच अंतरावर इंजिन बंद केलं आणि बांबू गाळात रोवून थांबले. मग दर पाचेक मिनिटांनी बांबू उचलायचा, वाऱ्याने होडी दोन-चार हात सरकू द्यायची, पुन्हा रोवायचा. पाऊण तासात थवा स्वतःच चरत चरत आमच्याकडे आला. उलटी चोच पाण्यात, आणि पाय एका जागी थयथय. गाळ ढवळून किडे वर काढायची ती पद्धत आहे. पाणी आणखी उतरलं की त्या नाचाचे गोल खळगे गाळात उमटलेले दिसतात. वारा पाठीशी घ्यायचं कारण साधं आहे: मोठे पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतात. म्हणजे ते आपल्या मनाने उडालेच, तर तुमच्याकडे तोंड करून, पाण्यावर चार ढांगा धावत येतात. शेपटीचा प्रश्नच मिटला.

उडायच्या आधी रोहित सांगतात. चरणं थांबतं, माना उंच होतात, सगळे एका दिशेला तोंड करून चालायला लागतात. एवढं दिसलं की होडी मागे घ्यायला सांगा. बहुतेक वेळा माना परत खाली जातात.

होडीत फळीवर बसू नका. तळाशी प्लॅस्टिक, त्यावर सतरंजी, त्यावर तुम्ही. कोपर गुडघ्यावर किंवा होडीच्या काठावर. डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितकी मागची बाजू धुरकट आणि शांत येते. शेकाट्यासारखा साधा, लांब पायांचा पक्षीसुद्धा राजा दिसतो. होडीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य, इंजिनाची थरथर उलट लेन्सपर्यंत पोचवतो. जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही तोंडं शिवून पिशवी करा आणि तिथे पोचल्यावर तांदूळ भरा. होडीच्या काठावर किंवा गाडीच्या खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. शेवटच्या रात्री खिचडीही होते.

सेटिंगचं फार मनाला लावून घेऊ नका. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, छिद्र (अपर्चर) पूर्ण उघडं. बसलेला पक्षी असला तरी होडी हलते, म्हणून शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या खाली नेऊ नका, उडणाऱ्याला १/२००० ठेवा. गडद पाण्यावरचा पांढरा पक्षी हमखास जळतो, म्हणजे तपशील न उरता नुसता पांढरा येतो. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा आणि पडद्यावर पांढरा भाग लुकलुकतोय का ते बघत रहा. रॉ फाइलमध्ये काढा. बाकी घरी बघू.

कुरवांना, म्हणजे सीगलना, शेव-फरसाण टाकून होडीभोवती गोळा करायची टूम निघाली आहे. मुलं हट्ट करतील. करू देऊ नका. फोटोही सगळ्यांचे एकसारखेच येतात. त्यापेक्षा पाण्यात उभे असलेले जुन्या बाभळींचे खुंट बघत चला. त्यावर कैकर, म्हणजे ऑस्प्रे, मासा दाबून बसलेला असतो, आणि खाण्यात गुंगलेला असेल तर बऱ्यापैकी जवळ जाऊ देतो. ड्रोन घरीच ठेवा. एका ड्रोनने अख्खा थवा उठतो आणि त्या दिवशी परत तिथे बसत नाही.

तंबूबद्दल थोडं. काठची जमीन रिकामी दिसली तरी कुणाची तरी गाळपेर (उघड्या गाळात केलेली पेरणी) असते, विचारूनच लावा. सुकलेल्या गाळावर नको, वरची खपली कडक आणि खाली लोणी असतं. उसाला चिकटून तर मुळीच नको, उसात बिबट्या असू शकतो, आणि घोणस बूट घालताना आठवावी. शेकोटी पाण्यापासून लांब आणि लहान करा, स्पीकर नको. हेडलॅम्पला लाल जिलेटिन कागद लावा.

एक चूक मात्र टाळा, माझी झालेली. कॅमेरा रात्री तंबूच्या ओसरीत ठेवला होता, पहाटे पाचला आत घेतला. आत चार माणसांच्या श्वासाने तंबूच्या भिंती ठिबकत होत्या. गार लेन्सवर एका क्षणात दव बसलं, पुढच्या काचेवर आणि आतल्याही. सूर्य उगवला, रोहित गुलाबी झाले, आणि मी बनियनने काच पुसत बसलो. कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि बॅग थेट बाहेरच उघडा.

दुपारी वेळ मिळाला तर कडबनवाडीच्या माळावर जाता येईल. चिंकारा, खोकड, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच जा, गाडीतून उतरू नका, वाट सोडू नका. चंडोलांची घरटी जमिनीवरच असतात. लांडगा दिसलाच तर फोटो टाकताना जागा लिहू नका.

मुलांना कॅमेरा देण्यापेक्षा ८x४२ची दुर्बीण द्या, आणि दुपारी चिलापी माशाचा रस्सा खायला घाला. तारीख ठरली की इथेच लिहा. पाणी किती उतरलंय ते मामांना फोन करून विचारतो.