रस्त्यावर रंगणारी गोष्ट कम्युनिटी रेडिओवर का पडते?

आपण विचारले आहे की, प्रवासात आणि चौकात लोकांना गोष्ट सांगताना जी रंगत येते, ती कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे स्थानिक लोकांसाठी चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रावर, तीच गोष्ट सांगताना का येत नाही आणि त्यासाठी काय बदलावे. मी काही वर्षे दोन्हीकडे गोष्टी सांगितल्या आहेत. माझे मत असे की, आवाजात किंवा गोष्टीत दोष शोधण्याआधी श्रोता गोष्टीत कुठून शिरतो ते पाहावे.

रस्त्यावर श्रोता दिसतो. मागे उभ्या असलेल्या माणसाने पिशवी खांद्याला अडकवली की वर्णन आटोपते घ्यायचे, एखादे मूल पुढे सरकले की तोच प्रसंग आणखी खुलवायचा, हे आपण नकळत करत असतो. उशिरा आलेला माणूसही शेजाऱ्याला हळूच विचारून घेतो. रेडिओ ऐकणारा मात्र हातातले काम करता करता ऐकतो, पुष्कळदा मधूनच येतो, आणि त्याला विचारायला शेजारी असेलच असे नाही. म्हणून दर चार-पाच मिनिटांनी गोष्ट कुठवर आली ते सांगावे लागते, पण "आतापर्यंत आपण ऐकले" असे निवेदकी थाटात नव्हे, तर पात्राच्या तोंडून. हरवलेली शेळी शोधणारी म्हातारी तिसऱ्या वाटसरूला भेटली की तीच म्हणेल, "सकाळपासून दोन टेकड्या पालथ्या घातल्या बाबा, एकाने ओढ्याकडे पिटाळले, दुसरा नुसताच हसला." नव्या श्रोत्याला मागचे सगळे कळते आणि जुन्याला तिची दमछाक कळते. मौखिक कथांतली पुनरुक्ती मुळात याच कामाची असावी. छापील गोष्टी वाचण्याच्या सवयीने आपण ती कंटाळवाणी समजून गाळतो.

हातवाऱ्यांचेही तसेच आहे. हात पसरून "एवढा मोठा साप" म्हणणे रेडिओवर व्यर्थ जाते. तेथे साप उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पसरलेला असावा लागतो. माझ्या पहिल्या ध्वनिमुद्रणात मी गर्दीसमोर बोलावे तशी बोलले आणि प्रत्येक "प" आणि "भ" माइकवर फुंकर मारल्यासारखा फुटला. तेव्हापासून मी माइक वीतभर दूर आणि तोंडापासून किंचित बाजूला ठेवते आणि शक्य असेल तेव्हा समोर एक खरा श्रोता बसवते.

श्रोते एकत्र बसवता आले तर फारच उत्तम. कोलंबियातील सुतातेन्सा येथे १९४७ साली सुरू झालेल्या केंद्राने खेड्यांतून रेडिओभोवती गट बसवून साक्षरतेचे धडे दिले होते. गोष्टीलाही अशी बैठक मानवते. भाषा मात्र निवेदकाची उसनी घेऊ नये. तेलंगणातील पस्तापूरचे संघम रेडिओ हे दलित स्त्रियांनी चालवलेले केंद्र २००८ पासून त्यांच्याच बोलीत बोलते.

एक जबाबदारी रस्त्यापेक्षा येथे मोठी आहे. भारतात अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत मर्यादित असते आणि आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटर पोहोचतो, म्हणजे ऐकणारे बहुतेक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. वाटेत कोणी सांगितलेली हकिकत नाव बदलून प्रसारित केली, तरी विहीर, वळण आणि सासरचे गाव यांवरून माणूस ओळखू येतोच. त्यामुळे सांगणाऱ्याची परवानगी घेताना "रेडिओवर लावू का?" एवढेच विचारून भागत नाही, ध्वनिमुद्रण त्याला तेथेच ऐकवावे, आणि त्याने एखादे वाक्य काढायला सांगितले तर कितीही रसाळ असले तरी ते काढावे. मी अशी दोन-तीन चांगली वाक्ये गमावली आहेत.

आणि निघण्यापूर्वी, कोणी बोलत नसताना, त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवा. काढलेल्या वाक्याच्या जागी तोच भरावा लागतो; अगदी निःशब्द पोकळी आली, तर श्रोत्याला रेडिओ बंद पडल्यासारखे वाटते.