रिमोट कुणाच्या हातात?

आठवडा : सोमवार ३० जून ते रविवार ६ जुलै २०२५

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मिरजेत आमच्या ह्यांचा केबलचा धंदा होता. तारा ओढायच्या, खांबावर चढायचं, ॲम्प्लिफायर बघायचे ही कामं त्यांची, पावतीपुस्तक माझं. दर महिन्याच्या पाच ते दहा तारखेला मी दिवेलागणीला वसुलीला निघायचे, कारण माणसं तेव्हाच घरी सापडायची आणि सापडायची ती टीव्हीपुढेच. "काकू, दोन मिनिटं टेका, ब्रेक लागू दे, मग देते पैसे." हे एकोणीस वर्षं ऐकलं. कुणाकडे कुठल्या वारी काय लावतात, हे मला त्यांच्या जावयांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या भांडवलावर हे सदर चाललंय.

या खेपेला पत्रांचा ढीग नेहमीच्या दुप्पट आहे. साहजिकच आहे. विम्बल्डन सोमवारी सुरू, बर्मिंगहॅमची भारत-इंग्लंड कसोटी बुधवारी, आणि रविवारी आषाढी. टीव्ही मात्र घरात एकच.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. बुधवारपासून पाच दिवस कसोटी. सूनबाई साडेसात ते नऊ मालिका बघते. मागच्या कसोटीत पंत दुसरं शतक ठोकत असताना मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसलो होतो. काही तोड सुचवा. — एक आजोबा, तासगाव

आजोबा, आधी घड्याळ मांडू. इंग्लंडमधला सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला सुरू होतो. जेवणाची सुट्टी साडेपाच ते सहा दहा. चहा आठ दहा ते साडेआठ. साडेदहाला खेळ संपतो. षटकं मागे राहिली तर अकरा. म्हणजे सात तासांतला तुमचा आणि सूनबाईंचा खरा तंटा दीडच तासाचा, आणि त्यातली वीस मिनिटं इंग्लंडवाले चहा पितात. उरली सत्तर मिनिटं.

आता मालिकेचा हिशोब. तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात दाखवू नये असा नियम आहे. तो धरला तर अर्ध्या तासाच्या मालिकेत २४ मिनिटं उरतात. त्यातून 'मागील भागात' आणि शीर्षकगीत वजा करा. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागतो. कसोटीचं तसं नाही, ती शिजल्या शिजल्या खायची. आमच्या सासूबाई ताटं वाढताना म्हणायच्या, टिकणारं मागून वाढ, नासणारं आधी संपव. मालिका म्हणजे लोणचं. आठ दिवसांनी बघितली तरी सासू त्याच पायरीवर उभी असते.

पण आजोबा, हे सगळं सूनबाईंना ऐकवायला जाऊ नका. वसुलीला फिरताना मी एक गोष्ट शेकडो घरांत बघितली आहे. आठची मालिका बघणारी बाई निम्मी मालिका उभ्यानं बघते, हातात उलथनं, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. दुपारी पुन्हा लागते हे खरं, पण दुपारी ती बाई ऑफिसात असेल, नाहीतर मुलाला शाळेतून आणायला गेलेली असेल. तेव्हा साडेसात ते नऊमधली कुठली मालिका तिला खरोखर त्याच वेळी हवी आहे, ते विचारा. बहुतेक एकच निघेल. ती साडेआठची असली तर बुधवार ते शनिवार तो अर्धा तास तिचा, बाकी दिवस तुमचा. तेवढ्या वेळात तुम्ही फिरून या, औषध घ्या. रविवारी बऱ्याच मालिकांना सुट्टी असते, आणि तो कसोटीचा पाचवा दिवस. तो पूर्ण तुमचा, पाचव्या दिवसापर्यंत सामना गेला तर.

आणि बघाच. मागच्या कसोटीत हेडिंग्लेला आपल्या फलंदाजांची पाच शतकं होऊनही ३७१ धावांचा पाठलाग इंग्लंडने पाच गडी राखून पुरा केला, त्याची बोच ताजी आहे. बर्मिंगहॅमच्या या एजबॅस्टन मैदानावर या सामन्याआधी आपण आठ कसोट्या खेळलो. सात हरलो, एक अनिर्णित, जिंकलेली एकही नाही. बुमराह पाचांपैकी तीनच कसोट्या खेळणार हे आधीच सांगितलंय, तेव्हा या सामन्यात तो दिसेलच असं धरून चालू नका. रोहित-विराट नाहीत, गिल नवा कर्णधार. माझं मत विचाराल तर पहिला तास चुकवू नये. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक्सचा चेंडू नवा असताना जे काही व्हायचं ते तेव्हाच होतं. साडेतीनला सूनबाईसुद्धा टीव्ही मागत नाहीत.

प्रश्न : आषाढीची शासकीय महापूजा पहाटे सव्वादोनच्या सुमाराला असते. दर वर्षी गजर लावते आणि दर वर्षी झोपून जाते. सकाळच्या बातम्यांत बघितली तर चालणार नाही का? — एक वाचक, इचलकरंजी

चालेल की. विठोबा हजेरी घेत नाही. पण बातम्यांत तुम्हाला अर्धा मिनिट मुख्यमंत्री दिसतील आणि लगेच 'बळीराजाला सुखी ठेव' हे साकडं. पूजा दिसणार नाही. अख्खी पूजा बघायची तर सह्याद्रीवर थेट. आणि बघताना मुख्यमंत्र्यांकडे बघू नका, त्यांच्या शेजारच्या मानाच्या वारकरी जोडप्याकडे बघा. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहिलेलं जोडपं असतं ते. अंगावर प्रवासातलेच कपडे. काय चाललंय ते अजून त्यांना नीट कळलेलं नसतं. बाई पदर सारखा करते, परत करते. त्यांना नंतर एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो. मी तर त्या दोन चेहऱ्यांसाठीच उठते.

झोप लागते त्याला एक उपाय. शनिवारी रात्री कसोटी संपेपर्यंत जागू नका, नवाला निजा. आणि पूजेपेक्षा रिंगण आवडत असेल तर शुक्रवारी, नवमीला, बाजीरावाच्या विहिरीजवळचं बघा. ते दिवसाउजेडी असतं, गजर लागत नाही. माउलींचा अश्व धावतो तेव्हा कॅमेरा मागे पडतो; दर वर्षी पडतो. मला तेही आवडतं.

पाऊस असेल तर एक ध्यानात ठेवा. घरावर डिशची छत्री असेल आणि जोराची सर आली तर 'सिग्नल नाही' अशी पाटी येते. बॉक्स बंद-चालू करत बसू नका, त्याने काही होत नाही. सर ओसरली की चित्र आपोआप येतं.

प्रश्न : आई माझ्याकडे न्यू जर्सीला आली आहे. एकादशी चुकणार म्हणून हिरमुसली आहे. — एक मुलगी, एडिसन

चुकणार कशानं? आपल्याकडे रविवारची पहाट दोन वीस म्हणजे तुमच्याकडे शनिवारची संध्याकाळ, पाचला दहा कमी. सह्याद्रीची यूट्यूब वाहिनी मोठ्या टीव्हीवर लावून द्या. तिला जागरण नाही, तुम्हाला सुट्टी. फक्त साबुदाणा शनिवारी दुपारीच भिजत घाला, नाहीतर आई म्हणेल एकादशी अमेरिकेच्या घड्याळाने धरायची की पंढरपूरच्या. या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, ते दातेंच्या पंचांगाला विचारा.

प्रश्न : मी सहावीत आहे. मला टेनिस आवडतं. बाबा म्हणतात, त्यात काय बघायचं, चेंडू इकडून तिकडे. मी काय बघू आणि किती? — एक मुलगी, मिरज

बाळा, तू आमच्याच गावची, तुला नाही कसं म्हणू. सोमवारी संध्याकाळी सहा वाजता सेंटर कोर्टवरचा पहिला सामना बघ. मागच्या वर्षी जिंकलेला पुरुष खेळाडू तिथे पहिला उतरतो अशी पद्धत आहे, म्हणजे अल्काराझ. मंगळवारी त्याच वेळी मागच्या वर्षीची विजेती, क्रेचिकोव्हा. दोन दिवस, दीड-दीड तास, पहिल्या आठवड्याला पुष्कळ झालं. गृहपाठ सहाच्या आत.

बाबांना दोन गोष्टी सांग. एक, हाच अल्काराझ तीन आठवड्यांपूर्वी पॅरिसला सिनरशी पाच तास एकोणतीस मिनिटं खेळला, दोन सेट मागे पडून जिंकला. तेवढ्या वेळात बाबा मिरजेहून पुण्याला पोचून चहा पितील. दोन, या वर्षीपासून विम्बल्डनमध्ये रेषेवर उभे राहणारे पंच नाहीत, चेंडू आत की बाहेर ते यंत्र सांगतं. ते निळे-पांढरे कपडे घालून वाकून उभे राहायचे, 'आउट' म्हणून ओरडायचे, ते मला फार आवडायचं. आता कोर्ट रिकामं वाटतं का, ते तू बघ आणि मला पत्रानं कळव.

प्रश्न : आमच्या पॅकमध्ये तीनशेवर वाहिन्या आहेत. बघतो आम्ही नऊ. तरी रोज रात्री 'लावायला काही नाही' म्हणून अर्धा तास बटणं दाबत बसतो. — एक गृहस्थ, डोंबिवली

तुमचं पत्र वाचून मला माझं माहेर आठवलं. दादरला आमच्या चाळीत एकच टीव्ही होता, वाहिनी एकच, मुंबई दूरदर्शन. रविवारी साप्ताहिकी लागायची. पुढच्या आठवड्यात काय-काय आहे ते निवेदिका सांगायची, आणि आमच्या शेजारच्या आजी ते कॅलेंडरवर लिहून घ्यायच्या, दुधाच्या हिशोबाच्या खाली. "दूध १॥ लिटर, शनिवार मराठी सिनेमा." संपला विषय. एका वाहिनीवर आठवडा काढायचा तर आधी लिहून ठेवायचो, आणि तीनशेंवर लिहीत नाही, ही गंमतच म्हणायची.

तेव्हा रविवारी दहा मिनिटं काढा. रिमोटवरचं 'गाईड' बटण दाबा. ते बटण बहुतेक घरांत कोरं करकरीत असतं. रिमोटवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतून दोनच बटणं घासलेली दिसतात, आवाजाचं आणि पुढच्या वाहिनीचं. गाईडमध्ये पुढचे काही दिवस दिसतात. घरातल्या प्रत्येकाने एकच गोष्ट निवडायची. कागदावर वार आणि वेळ लिहायची, फ्रिजला लावायची. त्या वेळा सोडून टीव्ही बंद. ज्याची पाळी त्याचा रिमोट. दोघांची निवड एकाच वेळी आली तर जे पुन्हा दाखवणार नाहीत ते आधी.

पैशाचंही सांगते, वसुलीवालीला राहवत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून तुम्हाला हवी तेवढीच वाहिनी सुटी घेता येते. प्रत्येक वाहिनीचा दर ठरलेला असतो. नऊ वाहिन्यांची नावं लिहा, त्यांचे दर मिळवा, पॅकच्या आकड्याशेजारी मांडा. कधी पॅक स्वस्त निघतो, कारण तो तसाच बनवलेला असतो. पण आकडे एकदा डोळ्यांनी बघा. आणि तुम्ही क्रिकेटवाले असाल तर बुधवारच्या आत सोनीची क्रीडा वाहिनी पॅकमध्ये आहे ना हे तपासा. विम्बल्डन स्टारकडे आहे. साडेतीनला केबलवाल्याला फोन करून 'आत्ता चालू कर' म्हणू नका. त्या फोनांनी आमच्या ह्यांची किती जेवणं गार झाली ते मला ठाऊक आहे.

प्रश्न : देशातली एकदिवसीय मॅच शेजारी फुकटच्या छत्रीवर डीडी स्पोर्ट्सवर बघतात. आमच्या केबलवर तीच दूरदर्शनची वाहिनी आहे, पण मॅच दिसत नाही. केबलवाला लबाडी करतो का? — एक वाचक, जत

नाही हो. याच प्रश्नावर माझ्याशी लोक दारात भांडलेले आहेत. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ते दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. केबलवाल्याच्या हातात काही नाही. त्याच्यावरचा राग सोडा, महिन्याचे पैसे द्या.

आणि एक तक्रार. 'तुम्ही मागच्या अंकात शनिवारी रात्री नऊचा जुना मराठी सिनेमा बघा म्हणालात. आम्ही आठला जेवून बसलो. लागला भलताच, दाक्षिणात्य मारामारीचा.' — एक जोडपं, सातारा

चूक माझी. गुरुवारी गाईडमधून टिपलं होतं, शुक्रवारी वाहिनीने बदललं, आणि अंक तोवर छापायला गेला होता. हे होतं. सिनेमाच्या बाबतीत तर फारच. म्हणून शनिवार-रविवारचं काहीही त्या दिवशी सकाळी गाईडमध्ये परत एकदा बघून घ्या. मीही बसले होते हो, शेंगदाणे भाजून. मारामारीचा पूर्ण बघितला. वाईट नव्हता.

पुढच्या अंकासाठी पत्रं गुरुवारपर्यंत पोचू द्या. फोन करायचा असेल तर सकाळी. बुधवारी दुपारी साडेतीननंतर केलात तर साडेपाचपर्यंत कुणी उचलणार नाही.